आमचे व्याही आणि गढीचे चार भाग

निवृत्त कसं व्हावं हे साऱ्या माळव्यात एकाच माणसाला कळलं, आणि तो माणूस म्हणजे आमचे धारचे व्याही. आम्ही बाकीचे सकाळी फिरायला जातो, बाकावर बसून एकमेकांना गोळ्यांची नावं सांगतो, आणि दहा वाजता घरी येऊन आता काय करावं म्हणून वाचलेलंच वर्तमानपत्र पुन्हा उघडतो. व्याही पाटबंधारे खात्यातून नकाशानवीस म्हणून निवृत्त झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आंघोळ करून, गंध लावून टीव्हीपुढे पाट मांडून बसले, आणि भुताटकीच्या एका व्हिडिओ गेमचे जे चार भाग आहेत त्यांतला श्रेष्ठ कोणता, या प्रश्नाला त्यांनी हात घातला. खात्यात धरणाचा नकाशा करताना जी शिस्त होती तीच इथेही: आधी मोजमाप, मग मत. मोजमापाला आठ वर्षं लागली. मत पक्कं झालं, आणि ते चार लोकांपुढे जायची वेळ आली तेव्हा मी मध्ये पडलो आणि ते उलटं करून सांगितलं. लोक आजही ते उलटं मतच खरं धरून चालतात, तेही माझ्या नावावर. मी आता अठ्ठ्याहत्तरचा आहे, आणि हे नीट लिहून ठेवल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

हा गेम त्यांच्या घरात आला तो आमच्या सूनबाईसाठी, ती शाळेत असताना. टीव्हीला जोडायचा डबा, दोन रिमोट आणि पिवळ्या प्लास्टिकच्या कॅसेटी. कॅसेट चालेना की काढून तिच्यात फुंकर मारायची आणि परत बसवायची. सूनबाई म्हणते, "बाबांचा डाव संपला की माझी पाळी, असं ठरलं होतं. बाबांचा डाव अजून चालू आहे." गेम असा: डोंगरावर एक काळी गढी, तिच्यात शंभर वर्षांपूर्वी मेलेला पण जागा सोडायला तयार नसलेला एक धनी, त्याच्या पदरी सांगाडे, वटवाघळं, मुंडकं नसलेले शिपाई, आणि साखळीला बांधलेला कंदील घेऊन एक माणूस एकटाच खालून वर चढत जातो, उड्या मारतो, कंदील गरगर फिरवून भुतं पाडतो. नावं सगळी परदेशी. व्याह्यांना ती मंजूर नव्हती. त्यांनी धन्याचा जहागीरदार केला, नायकाचा कंदीलवाला केला, आणि प्रत्येक मजल्याच्या शेवटी वाट अडवून जो दांडगा राक्षस उभा असतो, ज्याला मुलं बॉस म्हणतात, त्याला ते नाकेदार म्हणत. मुलगी पाहायला आम्ही धारला गेलो तेव्हा तासभर लवकर पोचलो होतो. दारात उभे असताना आतल्या खोलीतून आवाज आला, "एवढ्या नाकेदाराला पाडतो आणि आलोच." विहीणबाई तेव्हा अजून विहीणबाई झालेल्या नव्हत्या, त्यांनी आम्हांला बसवलं आणि काही न घडल्यासारखी पोह्यांवर शेव घातली. व्याही बाहेर आले, आम्हांला पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्या वाक्याची माफी ते अजून मागतात.

नकाशांचं सांगायला हवं. गढीच्या प्रत्येक मजल्याचा नकाशा त्यांनी ट्रेसिंग पेपरवर शाईने काढला होता. कंदीलवाल्याचं एक पाऊल म्हणजे पाच मिलिमीटर. जिने बारीक रेषेत, जमिनीतून वर येणारे सुळे लाल शाईत, दुसऱ्या दालनात जाणाऱ्या छुप्या वाटा तुटक रेषेत, खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आणि चौकटीत सही. उत्तर दिशेचा बाण नसलेला कागद खात्यात साहेब परत पाठवायचे, म्हणून इथेही बाण हवाच. आणि गेममधल्या गढीची उत्तर कुठली हे कोण सांगणार? त्यात त्यांचं एक वर्ष गेलं. शेवटी पडद्यामागे जो चंद्र कायम एकाच जागी टांगलेला असतो त्यावरून त्यांनी दिशा काढली. तो चंद्र हलत नाही, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं, तेव्हा नम्रपणे म्हणाले, "आपलं बरोबर आहे. पण कागद बाणाशिवाय सोडवत नाही."

आता तुलना. मी देवासचा. ज्या गावात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन संस्थानं नांदली, त्या गावच्या माणसाला तुलना शिकवावी लागत नाही. थोरली पाती बरी की धाकटी, यावर आमच्या आजोबांची ताटं निवायची. पण व्याह्यांची तुलना निराळ्या जातीची होती. ते म्हणत, पहिला भाग सरळ आणि कडक. सहा मजले, एकच वाट, आणि एकदा उडी मारली की मारली. हवेत मन बदलायची सोय नाही. तिसऱ्या भागात वाटा फुटतात, चढणं अवघड होतं, आणि संगीत असं की ऐकणाऱ्याने रिमोट खाली ठेवावा. त्या संगीताचा ठेका त्यांच्या हातात इतका बसला होता की पूजेतली घंटा ते त्याच ठेक्यात वाजवत. विहीणबाई म्हणत, "देवांना वाटत असेल, नाकेदार आला." चौथा भाग पुढे सीडीवर आला. त्यात साऱ्या गढीत मोकळं फिरता येतं, आणि फिरता फिरता कंदीलवाला आपोआप बळकट होत जातो. तरुण मंडळी या भागावर फार खूश. व्याह्यांना त्यातली एकच गोष्ट खटके: उडी मारल्यावर हवेत वळता येतं. एकदा मला म्हणाले, "हवेत वळता आलं, तर माणूस उडीच्या आधी विचार कशाला करील?" निवृत्तीनंतर काही दिवस ते राजगढकडे एका ठेकेदाराकडे धर्मशाळेच्या दुरुस्तीचे नकाशे करायला जात होते. तिथल्या जिन्याच्या पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या निघाल्या, तर ठेकेदाराला म्हणाले, "भिया, ऐसी सीढ़ी पे मेरा आदमी तीन बार मरा है." ठेकेदाराने घाबरून जिना पाडला आणि नवा बांधला. मेलेला माणूस कोण, हे त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही.

राहिला दुसरा भाग. हा गेम खेळणाऱ्या जगात त्याच्याबद्दल कोणी बरं बोलत नाही. त्यात कंदिलातलं तेल संपतं. संपलं की गढी अर्धी सोडून, आलात त्या वाटेने खाली उतरायचं, पायथ्याच्या गावात जायचं, कुणाच्या तरी दारात उभं राहून तेल मागायचं आणि पुन्हा चढायचं. गावातली माणसं दर खेपेला काही वेगळं बोलतात. कुणाचं लग्न ठरलेलं असतं, कुणी गेलेलं असतं. खेळणारे या हेलपाट्यांना कंटाळतात. व्याह्यांचं ठाम मत होतं की चारांत श्रेष्ठ हाच. बाकी तीन भागांत कंदीलवाला कुणासाठी चढतोय हे सांगावं लागतं, दुसऱ्यात ते दिसतं, असं ते म्हणत.

म्हणत, पण मला नव्हे. आणि इथे त्यांच्या स्वभावाची सगळ्यात मोठी विक्षिप्त बाजू येते. व्याही जुन्या वळणाचे. मुलीच्या बापाने मुलीच्या सासरी पाणीही घेऊ नये, या रीतीने ते देवासला येताना धारहून पाण्याची सुरई आणत. नात झाली तेव्हा माझ्या हिने त्यांना हट्टाने घोटभर पाणी पाजलं. चहाला मात्र अजून "नातीचं लग्न होऊ दे" म्हणतात. आणि मुलाच्या बापाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, ही दुसरी रीत. मुलाच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत, त्या संगीतावर भाळून, मी म्हणून गेलो की मला तिसरा भाग आवडतो. "आपण म्हणता तसं," व्याही म्हणाले, आणि त्या दिवसापासून माझ्यासमोर तिसराच श्रेष्ठ. मी हात धुवायला आत गेलो की बाहेर गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला ते दुसऱ्या भागाची बाजू पटवून देत असत, कंपाउंडरशी, पुतण्याशी, वीजमंडळाच्या लाइनमनशी त्यावर हमरीतुमरीवर येत असत. मी बाहेर आलो की गप्प. ज्या माणसाने साऱ्या धारशी वाद घातला, तो माझ्याशी वीस वर्षांत एकदाही घालू शकला नाही. मला ते ठाऊक होतं. मला त्याची गंमत वाटे, आणि खरं सांगायचं तर थोडा रुबाबही वाटे.

चार-साडेचार वर्षांपूर्वी देवासात एका तरुणाने गेम खेळण्याचा कॅफे काढला होता. त्याला सगळे आमच्या माळवी वळणाने भिया, म्हणजे भाऊ, म्हणत, मीही म्हणे. सूनबाईने त्याला आपल्या वडिलांच्या नकाशांबद्दल सांगितलं, आणि तो हरखलाच. जुन्या खेळांवर एक कार्यक्रम करू, रेकॉर्डिंग करू, अंकलना बोलवा, म्हणाला. व्याह्यांनी महिनाभर तयारी केली. एका रविवारी दुपारी इंदूरला बस बदलून ते देवासला आले. एका खांद्याला सुरई, दुसऱ्याला पत्र्याची नळी, नळीत एकवीस नकाशे. कॅफेत वीस-पंचवीस तरुण, समोर कॅमेरा, दोन खुर्च्या. त्यांनी मला आधी बसवलं. भिया म्हणाला, "अंकल, शुरू करें?" व्याह्यांनी माझ्याकडे पाहून हात जोडले आणि हळूच म्हणाले, "आधी आपण."

ते दोन शब्दांपुरतं होतं. पाहुणे आले, आनंद झाला, एवढं मी म्हणावं आणि सूत्रं त्यांच्याकडे द्यावीत. पण मी आधी कन्नोदला आणि मग देवासला मिळून छत्तीस वर्षं मास्तरकी केली आहे. समोर गप्प बसलेली मुलं दिसली की माझं तोंड आपोआप सुरू होतं, आणि दुसऱ्याने लिहिलेलं आपल्याच डोक्यातून आल्यासारखं सांगायची सवय तर त्या धंद्यातच लागते. मी सुरू झालो. हवेतली उडी, कमी-जास्त पायऱ्या, नाकेदार, चंद्रावरून काढलेली उत्तर, सगळं सांगितलं. त्यांची वाक्यं, त्यांचे विनोद, थांबायच्या जागाही त्यांच्याच. चाळीस मिनिटं. रिमोट मी जन्मात तीन वेळा धरला असेन. आणि व्याही? मी ज्या मजल्याबद्दल बोलत होतो त्याचा नकाशा ते नळीतून काढून, उलगडून, दोन्ही हातांनी कॅमेऱ्यापुढे धरत होते. एकदाही चुकीचा कागद आला नाही. समोरच्या मुलांना वाटलं, हे दादाजींचे मदतनीस.

शेवटी भियाने विचारलं, "दादाजी, फाइनल बताओ, चारों में सबसे बढ़िया कौन सा?" मागून एक जण म्हणाला, "तीसरा, और कौन सा, दूसरा तो पैदल चलने का गेम है." पोरं हसली. मला त्या क्षणी नीट कळलं होतं की या खोलीत दुसऱ्या भागाची बाजू घ्यायला जो माणूस महिनाभर बसला होता तो माझ्या शेजारी आहे. ती बाजू मला पाठ होती. पण आता हशा माझ्यावर होईल, असं मनात आलं. मी म्हणालो, "तीसरा." टाळ्या पडल्या. वर मी वळून विचारलं, "क्यों व्याहीजी, ठीक है ना?"

त्यांच्या हातात कागद होता. "आप कह रहे हैं तो ठीक ही होगा," ते म्हणाले.

उठताना भियाने विचारलं, ये नक्शे दीवार पे लगा दूँ? माझ्याकडे पाहून विचारलं, आणि मी म्हणालो, लगा लो, शौक से. व्याह्यांनी रिकामी नळी खांद्याला लावली. बसस्टँडवर मी त्यांना सोडायला गेलो तेव्हा म्हणाले, "छान बोललात आपण. मला असं जमलं नसतं." त्यात टोमणा असेल म्हणून मी आजवर ते वाक्य कितीदा उलटंपालटं करून पाहिलं. टोमणा नाही. असता तर बरं झालं असतं.

ती चित्रफीत खूप जणांनी पाहिली. मला रस्त्यात लोक थांबवू लागले. तीसरे पार्ट वाले दादाजी, असं नावच पडलं. दादाजींनी या वयात काय नकाशे काढलेत, असं खाली लोकांनी लिहिलं होतं. मी ते वाचलं आणि कुणालाही दुरुस्त केलं नाही. चित्रफीत पाहिल्यावर तिसऱ्या दिवशी सूनबाई ताट वाढताना म्हणाली, "अण्णा, माझे बाबा त्यात कागद धरणारे आहेत." एवढंच. पुन्हा तिने विषय काढला नाही, आणि व्याह्यांनीही नाही. फोनवर हवा, गुडघा, नातीचे मार्क. विहीणबाईंनी हिला सांगितलं की टीव्हीपुढचा पाट भिंतीला उभा करून ठेवला आहे आणि पूजेतली घंटा आता साधी वाजते. मी म्हणायचो, वय झालं. चार वर्षं मी असंच म्हणत राहिलो.

या दिवाळीनंतर मी एकदा उठलो आणि नकाशे आणायला गेलो. कॅफेच्या जागी मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. दुकानदार भला माणूस. त्याने शोधून चार कागद काढून दिले. फळ्यांवर अंथरले होते, कडा कुरतडलेल्या. बाकी सतरांचा पत्ता नाही. भिया पुण्याला असतो. त्याला फोन केला. "अरे दादाजी, वो तो आपके थे ना," तो म्हणाला, "मैंने सोचा आप ले गए." चित्रफितीवरचं माझं नाव काढून व्याह्यांचं घालता येईल का, तेही विचारलं. तर म्हणाला, ती आता कुणाकुणाच्या पानावर जाऊन बसली आहे, कुठून कुठून काढणार.

गेल्या महिन्यात ते चार कागद घेऊन मी धारला गेलो आणि जे झालं ते सगळं त्यांच्यापुढे मांडलं. दुसऱ्या भागाबद्दलचं त्यांचं मत मला ठाऊक होतं, तेही सांगितलं. ते कागदांच्या कडा बोटांनी सरळ करत ऐकत होते. मग म्हणाले, "आपण उगाच मनाला लावून घेता. मी दुसऱ्या भागाचे नकाशे त्या दिवशी आणलेच नव्हते."

"का?"

"आपल्या गावात, आपल्यासमोर, मी दुसऱ्याची बाजू घेतली असती तर बरं दिसलं असतं का? मी तिसराच सांगणार होतो."

मला ते पटलं नाही. जो माणूस दुसऱ्याची बाजू मांडायची नाही म्हणून घरून निघतो तो महिनाभर तयारी करत नाही. माझं ओझं हलकं करायला ते बोलले की खरंच तसं होतं, हे मी विचारलं नाही. खरं असलं, तर मी आणखीच लाजायला हवं. वीस वर्षांच्या त्यांच्या अदबीचा मी एकदाही "राहू द्या हो" म्हणून निकाल लावला नव्हता. मी म्हणालो, मी हे लिहून छापायला देणार आहे. तर, नोंद अशी की नकाशे त्यांचे, मोजमाप त्यांचं, चाळीस मिनिटांतलं प्रत्येक वाक्य त्यांचं, आणि त्यांच्या मते चारांत श्रेष्ठ दुसरा. माझं त्यात काही नाही. टाळ्या तेवढ्या मी घेतल्या.

चार दिवसांपूर्वी हा मजकूर घेऊन पुन्हा गेलो आणि त्यांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. पायथ्याच्या गावाबद्दल मी एक वाक्य लिहिलं होतं, की तिथली विहिरीवरची म्हातारी पहिल्याच खेपेला तेल देते. त्यांनी डोळे उघडले.

"चूक आहे," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातला पोळपाटाचा आवाज थांबला. मी म्हणालो, मी स्वतः तुमच्या तोंडून ऐकलंय, गॅसवाल्याला सांगताना.

"मग तुम्ही नीट ऐकलं नाही. पहिल्या खेपेला ती दार उघडत नाही. दुसऱ्या खेपेला उघडते."

मी माझा हेका सोडला नाही. सोडायचा नाही असंच ठरवलं. ते तावातावाने उठले, कपाटावरून दुसऱ्या भागाचे चारही नकाशे काढले, पलंगावर पसरले, आणि पाऊण तास मला एक-एक घर दाखवत भांडले. मध्ये एकदा मला "तुम्हांला काही कळत नाही" असंही म्हणाले, आणि माफी मागितली नाही. विहीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, चहा ठेवून गेल्या, तो निवला, त्यांनी पुन्हा आणला. ते वाक्य आता या लेखात नाही. म्हातारीच्या दाराबाबत त्यांचंच खरं होतं. त्यांच्या आणखी पाच-सहा हरकती आहेत, त्यांतल्या दोन मला मान्य नाहीत, म्हणून येत्या गुरुवारी पुन्हा जाणार आहे. त्यांच्या अंगठ्याला आता कंप आहे, त्यामुळे खेळणं संपलं. माझा डावा कान गेला आहे, त्यामुळे भांडण जरा मोठ्याने करावं लागतं. नातीच्या लग्नापर्यंत आम्हां दोघांतलं कोण असेल कुणास ठाऊक. निघताना त्यांनी मला फाटकापर्यंत सोडलं, आणि बस यायला वेळ आहे असं पाहून, म्हातारी दार का उघडत नाही ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.